फिल्टरवरची भोकं

माझ्या हातात ही एक सिगारेट आहे. निश्चिंत राहा, पेटवणार नाही, आयोजकांना तसा शब्द दिलाय. फक्त उजेडात धरून दाखवायची आहे. फिल्टरभोवती हा बुचाच्या रंगाचा कागद गुंडाळलेला असतो ना, तो उकलून असा दिव्यासमोर धरला की त्यात बारीक भोकांची एक रांग दिसते. टाचणीच्या टोकाहूनही बारीक. मागे बसलेल्यांना इथून दिसणार नाही, त्यांनी नंतर पुढे येऊन बघा. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हजारो झुरके घेतलेले असतात, पण ही भोकं एकदाही पाहिलेली नसतात. आज मला जे सांगायचंय ते बरंचसं या भोकांमधूनच जातं.

तंबाखू कंपन्या म्हटलं की आपल्याला आठवते ती शंका पेरण्याची गोष्ट. १९५० साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी, अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९५३ मध्ये उंदरांच्या कातडीवर धुराचं डांबर लावून गाठी उठल्याचं वाइंडरच्या चमूनं प्रसिद्ध केलं. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात कंपन्यांचे प्रमुख एकत्र बसले, जनसंपर्काच्या धंद्यातला मातब्बर जॉन हिल याला बोलावलं, आणि ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत एक पानभर निवेदन छापून आलं. पुढे १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात तर ‘शंका हाच आपला माल’ असं सरळ लिहून ठेवलेलं सापडलं. १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर शपथेवर सांगितलं की निकोटीनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. हे सगळं पुष्कळदा सांगून झालंय.

मला थांबायचंय ते १९५४ च्या त्या निवेदनातल्या एका वाक्यावर, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. सार्वजनिक आरोग्य जपण्याचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांना आम्ही आजवर सहकार्य करत आलो आणि पुढेही करत राहू, असा त्याचा आशय आहे. नुसतं खोटं बोलणारा माणूस आज ना उद्या उघडा पडतो. ‘मीही तुमच्याच बाजूचा, चला मिळून तोडगा काढू’ म्हणणारा मात्र घरात येतो, सतरंजीवर बसतो, चहा घेतो आणि जाताना मोजपट्टी घेऊन जातो.

तोडगा पहिल्यांदा आला तो फिल्टरच्या रूपात. लोक घाबरले होते, त्यांना सिगारेट सोडायची नव्हती, पण भीतीवर काहीतरी उतारा हवा होता. लोरिलार्ड कंपनीनं १९५२ मध्ये केंट नावाची सिगारेट आणली. तिच्या ‘मायक्रोनाइट’ फिल्टरची आरोग्याच्या नावानं केवढी जाहिरात झाली! त्या फिल्टरमध्ये १९५६ पर्यंत क्रोसिडोलाइट वापरलं जात होतं. म्हणजे निळं ॲस्बेस्टॉस. कर्करोगापासून वाचायला म्हणून माणूस ॲस्बेस्टॉसमधून धूर ओढत होता.

याहून मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट अगदी किरकोळ दिसते. आर. जे. रेनॉल्ड्समध्ये क्लॉड टीग नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. १९५३ मध्ये त्यानं सुचवलं की फिल्टरचं द्रव्य असं घ्यावं, जे धूर लागल्यावर रंग बदलेल. त्यामुळे गाळण्याच्या कामात बहुधा काही फरक पडणार नाही, हेही त्यानंच लिहिलंय. पण जाहिरातीसाठी आणि विक्रीसाठी फायदा उघड आहे! थोटूक विझवताना माणूस तो तपकिरी डाग बघतो आणि मनात म्हणतो, बरं झालं, एवढी घाण आत जायची वाचली.

आता भोकांकडे येऊ. झुरका घेतला की या भोकांतून बाहेरची हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. ऐकायला चांगलं वाटतं. पण सिगारेटमध्ये डांबर आणि निकोटीन किती, हे मोजायचं कसं? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९६७ पासून यासाठी यंत्र वापरायला सुरुवात केली. यंत्र मिनिटाला एक झुरका घ्यायचं, २ सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. ना कमी, ना जास्त. त्याला बॉसनं झापलेलं नसायचं, त्याची बस चुकलेली नसायची. मुख्य म्हणजे यंत्राला ओठ नसतात आणि बोटं नसतात.

ही सिगारेट मी नेहमीसारखी धरतो, बघा. भोकं टोकापासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर आहेत, आणि माझी दोन बोटं नेमकी त्यांच्यावर बसलीत. काही जण ओठांतच एवढी आत घेतात की भोकं झाकली जातात. शिवाय शरीराला निकोटीनची ठरलेली मात्रा हवी असते. धूर पातळ लागला की माणूस नकळत खोल ओढतो, जास्त वेळा ओढतो. यंत्राच्या कागदावर डांबर कमी आणि छातीत जवळपास तेवढंच. हे कंपन्यांच्या प्रयोगशाळांना ठाऊक होतं. त्यांच्या अंतर्गत कागदपत्रांतून ते पुढे आलं आणि २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी तंबाखू कंपन्यांविरुद्धच्या खटल्याच्या निकालपत्रात ते नोंदवलं. उलट खोल ओढल्यामुळे धूर फुप्फुसाच्या आतल्या भागात पोहोचतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य-सल्लागाराच्या, २०१४ च्या अहवालानं तर म्हटलं की १९५० नंतर सिगारेटच्या रचनेत जे बदल झाले, त्यांनी ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढवला.

इथे गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. मोजण्याची पद्धत सरकारी. आकडा त्या पद्धतीचा. आणि तोच आकडा ‘लाइट’, ‘माइल्ड’, ‘लो टार’ म्हणून पाकिटावर मिरवायला कंपन्या मोकळ्या. सोडण्याच्या बेतात असलेली लाखो माणसं सोडण्याऐवजी ‘लाइट’वर गेली. नियम मोडावा लागलाच नाही. नियमालाच जाहिरातीच्या कामाला लावलं. ती मोजणी अमेरिकेनं मागे घेतली २००८ मध्ये, म्हणजे चार दशकांनी. २०१० पासून ‘लाइट’ वगैरे शब्दांवर बंदी आली. मग मार्लबोरो लाइट्सचं नाव मार्लबोरो गोल्ड झालं. शब्द गेला, सोनेरी रंग राहिला, आणि ओढणाऱ्याला अर्थ बरोबर कळला.

ज्या कायद्यानं ही बंदी आणली, त्या २००९ च्या कायद्याला सगळ्यात मोठ्या कंपनीचा, फिलिप मॉरिसचा, पाठिंबा होता. प्रतिस्पर्धी कंपन्या चिडून त्याला ‘मार्लबोरोच्या मक्तेदारीचा कायदा’ म्हणत. नवा माल बाजारात आणणं अवघड झालं की ज्याचा आधीच बाजार आहे तो निवांत होतो. कायदा एकूण वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण उद्योग एखाद्या नियमाचं स्वागत करतो तेव्हा मी तो नियम पुन्हा एकदा वाचतो.

आणि नियम नको असेल तेव्हा? उरुग्वे हा चिमुकला देश. तिथले तेव्हाचे अध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कर्करोगतज्ज्ञ. पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्यानं व्यापायचा आणि एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा, असे नियम त्यांच्या राजवटीत झाले. २०१० मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलनं, म्हणजे त्याच नावाच्या अमेरिकेबाहेरच्या कंपनीनं, स्वित्झर्लंडशी असलेल्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन त्या देशाला लवादापुढे खेचलं. २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला. पण सहा वर्षं इतर छोट्या देशांचे आरोग्यमंत्री हा तमाशा बघत होते, आणि बघावा म्हणूनच तो होता, असं माझं मत.

आता व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. आधीच सांगतो, इथे मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही, कारण मामला तेवढा सरळ नाही. ई-सिगारेट काही तंबाखू कंपन्यांच्या डोक्यातून निघाली नाही. आज आपण जिला ओळखतो ती २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञानं बनवली. मोठ्या कंपन्या दहाएक वर्षं बघत राहिल्या आणि मग पैशाचं पाकीट काढलं. लोरिलार्डनं २०१२ मध्ये ‘ब्लू’ ही ई-सिगारेट कंपनी विकत घेतली. हो, तीच ॲस्बेस्टॉसवाली लोरिलार्ड.

एक चिठ्ठी आलीय: ‘व्हेप चांगलं की वाईट, एका शब्दात सांगा.’ एका शब्दात नाही जमणार. सिगारेटमध्ये माणसाला मारतो तो मुख्यतः जळण्यातून निघणारा धूर. व्हेपमध्ये काही जळत नाही. निकोटीनचं द्रावण तापवून त्याची वाफ होते. म्हणून सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर गेलेल्या माणसाच्या शरीरात घातक द्रव्यं बरीच कमी जातात. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांमध्ये तर निकोटीनच्या पट्ट्या आणि गोळ्यांपेक्षा निकोटीनवाल्या ई-सिगारेटनं जास्त लोकांची सिगारेट सुटल्याचं दिसतं. हे मी मान्य करतो. न ओढणाऱ्या पोरानं मात्र ती हातात घेतली तर त्याला मिळतं फक्त व्यसन. एकच वस्तू चाळीस वर्षं ओढणाऱ्या माणसाला शिडी, आणि चौदा वर्षांच्या पोराला विहीर. दोन्ही खरं आहे, आणि कंपनी सभागृहात शिडीबद्दलच बोलते.

खरा खेळ बारकाव्यांत असतो. युरोपीय संघात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमहून जास्त निकोटीन चालत नाही. अमेरिकेत जूल या ई-सिगारेटच्या कुपीतल्या द्रावणात ते मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमच्या आसपास होतं, आणि क्षाराच्या रूपात असल्यानं घशाला टोचत नव्हतं. पेनड्राइव्हसारखं दिसणारं ते यंत्र शाळकरी पोरांच्या दप्तरात गेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मार्लबोरोवाल्या आल्ट्रियानं, म्हणजे अमेरिकेतल्या फिलिप मॉरिसच्या मालक कंपनीनं, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवलं की पोरांची काळजी वाटते, म्हणून आमच्या कुपीवाल्या ई-सिगारेट आम्ही बाजारातून काढतो. दोन महिन्यांनी, डिसेंबरात, त्याच आल्ट्रियानं जूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना घेतला.

किंवा हे बघा. २०१७ मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलच्या पैशावर ‘धूम्रपानमुक्त जगा’साठी एक संस्था उभी राहिली, बारा वर्षांत सुमारे एक अब्ज डॉलर द्यायचं ठरलं. प्रमुख म्हणून आणले डेरेक याक, जे आधी जागतिक आरोग्य संघटनेत तंबाखू नियंत्रणाचं काम करत होते. संघटनेनं लगेच कळवलं, आम्ही यांच्याबरोबर काम करणार नाही. आरोग्य संघटनेच्या तंबाखूविषयक करारातलं ५.३ हे कलमच मुळी यासाठी आहे: धोरण ठरवताना उद्योगाच्या हितसंबंधांपासून ते जपा. २०२१ मध्ये याच कंपनीनं ब्रिटनची व्हेक्चुरा घेतली. व्हेक्चुरा बनवते दम्याचे इनहेलर. फुप्फुसाच्या डॉक्टरांनी आरडाओरडा केला. काही वर्षांत कंपनीनं ती विकूनही टाकली.

यांनी बनवलंय म्हणून व्हेप वाईटच, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसावरच अन्याय होईल. वस्तू तपासायची ती तपासायचीच. फक्त कुपीत निकोटीन किती, स्वाद कुठला, यंत्र झुरका कसा घेणार, हे ठरतं त्या खोलीत विकणाऱ्याला खुर्ची नको.

केसलरबाईंचा तो निकाल ऑगस्ट २००६ चा. तुम्ही लोकांना फसवलंत, तर आता लोकांना खरं काय ते सांगा, जाहिरात देऊन, असा त्यांचा आदेश होता. कंपन्यांनी शब्दाशब्दावर अपील केलं. ‘आम्ही जाणूनबुजून फसवलं’ हा आशय प्रस्तावनेतून काढून घेतला. अकरा वर्षं गेली. ‘लाइट’ सिगारेटी कमी घातक नाहीत, हे सांगणाऱ्या त्या जाहिराती वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर आल्या नोव्हेंबर २०१७ मध्ये. वर्तमानपत्र न वाचणारी, टीव्ही न बघणारी पोरं तोवर मोबाइलवर होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जूल ही अमेरिकेतली सर्वाधिक खपाची ई-सिगारेट झाली होती.

ही सिगारेट मी टेबलावर ठेवतो. भोकं बघायची असतील त्यांनी या.