नाईलकाठचं निळं फूल

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या गच्चीवर सिमेंटच्या जुन्या टाकीत मी निळी वॉटर लिली लावली आहे. सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत ती उमलते आणि दुपारची जेवणं आटोपली की मिटायला लागते. पाहुणे येतात संध्याकाळी. गेली तीन वर्षं मी लोकांना मिटलेल्या कळ्याच दाखवतेय! आणि प्रत्येक जण म्हणतो, "अरे वा, कमळ लावलंय!"

तर पहिल्यांदा या ‘कमळा’चंच बघू. कमळाचं पान दांड्यावर पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं. अखंड गोल असतं, आणि त्याच्यावर थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. लिलीचं पान पाण्यावर पसरून तरंगतं आणि एका बाजूनं देठापर्यंत चिरलेलं असतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोघींची कुळंही कधीच वेगळी केली. कमळाचा जवळचा भाऊबंद लिली नाही, काश्मीरचा चिनार आहे, यावर विश्वास ठेवणं जड जातं खरं. आपल्या जुन्या कवींच्या भाषेत मात्र ही सरमिसळ नव्हती. सूर्याला पद्म, चंद्राला कुमुदिनी. ज्ञानेश्वरांची कुमुदिनी आपली जागा न सोडता चंद्राला आलिंगन देते, ती ही रात्री उमलणारी पांढरी लिली. निळीला संस्कृतात नीलोत्पल म्हणायचे.

आता इजिप्तला जाऊ. तिथल्या देवळांबद्दल, थडग्यांबद्दल मराठीत वाचताना जागोजागी ‘कमळ’ भेटतं. पण खरं कमळ त्या देशात पोचलं ते इराणी अमलाच्या सुमारास, इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात. त्याआधीच्या दोन हजारांहून अधिक वर्षांत भिंतींवर रंगवलेली, खांबांच्या माथ्यावर कोरलेली फुलं लिलीची आहेत, आणि त्यांत मान निळीचा. तिचं तिथलं नाव ‘सेशेन’. हाच शब्द हिब्रूत जाऊन ‘शोशाना’ झाला, आणि तिथून युरोपात ‘सुझान’. वसईत किंवा गोव्यात तुमची एखादी सुझन मैत्रीण असेल, तर तिच्या नावात नाईलचं पाणी आहे, एवढं तिला जरूर सांगा.

या फुलाला इजिप्तच्या लोकांनी एवढं डोक्यावर का घेतलं? त्यांनी ते रोज पाहिलं म्हणून. आरंभी सगळीकडे काळोखं पाणी होतं, त्यातून एक कळी वर आली, ती उमलली आणि आतून सूर्य निघाला, अशी त्यांची एक उत्पत्तिकथा आहे. त्या फुलाचा देव नेफर्टेम. नाईलच्या शांत फाट्यांवर पहाटे उभा राहिलेला कोणीही माणूस ही कथा रचू शकला असता. सूर्य वर आला की पाकळ्या उघडतात, आणि मधोमध पिवळेजर्द केसर दिसतात. पुष्कळ ठिकाणी असं लिहिलेलं असतं की हे फूल रोज रात्री पाण्याखाली जातं. टाकी बाळगणाऱ्यांनी यावर हसावं. ते नुसतं मिटतं. तीन-चार दिवसांनी बहर संपला की मग देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली पिकतं.

रोज मिटून पुन्हा उघडणारं फूल मेलेल्या माणसाला हवंसं वाटणारच. मृतांसाठी लिहिलेल्या मंत्रांत एक मंत्र चक्क लिली होण्याचा आहे. तुतनखामेनच्या थडग्यातलं लाकडी शिर तुम्ही चित्रात पाहिलं असेल. निळ्या पाकळ्यांतून एका मुलाचं डोकं वर आलंय, डोळे काजळ घातल्यासारखे, कान टोचलेले. थडगं सापडलं १९२२ साली. हे शिर मात्र १९२४ मध्ये तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना वाइनच्या खोक्यात सापडलं आणि मोठा गदारोळ झाला. त्याच राजाच्या सगळ्यात आतल्या शवपेटीवर फुलांची खरीखुरी गळपट्टी होती, आणि तीत निळ्या लिलीच्या वाळलेल्या पाकळ्या ओवलेल्या होत्या. तेहतीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून त्या ओवल्या, हे मला त्या सोन्यापेक्षा मोठं वाटतं.

पण सगळंच काही मरणाबिरणाचं नव्हतं. नेबामुन नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यात रंगवलेल्या मेजवानीत बायका एकमेकींच्या नाकाशी फूल धरताहेत. हजार हा आकडा लिहायचा तर लिलीच्या रोपाचंच चित्र काढत, कारण फुलाचं नाव ‘सेशेन’ असलं तरी रोपाचा आणि हजाराचा शब्द उच्चारात सारखा. त्यामुळे मृताला ‘हजार भाकरी, हजार घडे बिअर’ देताना तिथंही लिली उगवायची! ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं तर लिहून ठेवलंय की पुराच्या पाण्यातली ही फुलं लोक उन्हात वाळवतात, मधलं खसखशीच्या बोंडासारखं बोंड कुटून त्याच्या भाकरी भाजतात, आणि सफरचंदाएवढा गोडसर कंदही खातात.

इजिप्तशी काडीचा संबंध नसताना मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनीही लिलीच निवडली. त्यांची लिली पांढरी. त्यांचे राजे शिरोभूषणात तिची फुलं खोवत, कधी फुलाला तोंड लावणारा मासाही सोबत असे. कारण पाण्याचं होतं. टिकाल या त्यांच्या मोठ्या शहराजवळ नदी नाही. पावसाचं पाणी तळ्यांत साठवून कोरडे महिने काढायचे. लिली उथळ, संथ आणि स्वच्छ पाण्यात तग धरते, म्हणजे ती तरंगतेय तोवर पाणी पिण्याजोगं, आणि ते राखणारा राजा कामाचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टिकालच्या राजवाड्याजवळच्या तळ्याच्या गाळात विषारी नीलहरित शेवाळाचे अंश आणि भरपूर पारा सापडला. संशोधकांच्या मते हा पारा आला हिंगुळातून, म्हणजे पारा असलेल्या लाल खनिजातून. भिंती लाल रंगवायला माया लोक हिंगूळ वापरत, आणि पावसाबरोबर तो रंग धुऊन खालच्या तळ्यात उतरत असे.