कणसांसकट वेदीपाशी

(मिरवणूक, बँड)

ऑक्टोबरचा पहिला रविवार. वसई, उत्तन, गोराई या पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या गावांमध्ये आगेरा आहे. नव्या भाताचा सण. धर्मगुरूंनी प्रार्थना करून पहिली कणसं कापली आणि ती आता वाजतगाजत चर्चकडे निघाली आहेत. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला कोंसाचं फेस्त, म्हणजे कणसांचा सण, होतं, त्याचंच हे भावंड.

(कणसं जवळून)

दाणा पिवळा पडलाय, पात अजून हिरवी आहे. देठाला शेतातला चिखल तसाच. तो पुसायचं कुणाच्या मनातही येत नाही. देवाला द्यायचं ते जसं पिकलं तसं. ज्या गावठाणांभोवती आता इमारतीच उरल्या, तिथे हे भात बाहेरून आणावं लागतं.

(वेदी, गायनवृंद)

कणसं वेदीपाशी ठेवली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू झाला. आता हे गाणं ऐका. ‘पवित्र, पवित्र, पवित्र...’ यशया संदेष्ट्याला दृष्टान्तात सिंहासनावर बसलेला प्रभू दिसला, त्याच्याभोवती सराफीम नावाचे देवदूत हेच गात होते. प्रत्येक मिस्सामध्ये हे गीत येतं, आणि त्याआधी धर्मगुरू सांगतात की आपण हे देवदूतांच्या सुरात सूर मिसळून गातो आहोत. म्हणजे पेटी वाजवणारा हा तरुण, शेवटच्या बाकावरच्या लुगडं नेसलेल्या आजी, आईच्या कडेवरचं हे पोर, सगळे या घडीला स्वर्गातल्या उपासनेत उभे आहेत. श्रद्धावंतासाठी ही अलंकारिक भाषा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज संमत केला. पृथ्वीवरच्या उपासनेत आपल्याला स्वर्गीय यरुशलेमेतल्या उपासनेची चव आधीच मिळते, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

त्याच दस्तऐवजाने लोकभाषेला दार उघडलं. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होता. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मंत्र म्हणत, आणि मागे कितीतरी जण आपापली रोजरी, म्हणजे जपमाळ, ओढत बसत. श्रद्धा तेव्हाही होतीच. पण ज्या बोलीत शेताच्या बांधावरून भांडलं जातं, लेकराला झोपवलं जातं, ती देवापुढे गप्प होती. मग मराठी आली, पेटी आली, ढोलकी आली. देवदूतांच्या गाण्याला आपल्या चाली लागल्या. आमच्या मते या किनाऱ्याच्या अलीकडच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट झालेली नाही.

(गल्लीतला क्रूस, संध्याकाळ)

हे फक्त रविवारचं नाही. गावातल्या वाटांवर असे क्रूस उभे आहेत. त्यांतले कितीतरी १८९६ च्या प्लेगनंतरचे. माणसं पटापट जात होती, तेव्हा जिवंत राहिलेल्यांनी देवाचा आधार असा दारातच उभा केला. मे महिन्यात गल्ली इथे रोजरीला जमते. दिवसभर एकमेकांशी न बोललेले शेजारीही इथे एकामागोमाग एक ‘नमो मरिये’ ही येशूच्या आईची प्रार्थना म्हणतात.

(पातेलं, मुलांचे हात)

प्रार्थना झाली की उकडलेले चणे. येशूने देवाच्या राज्याला मेजवानीची उपमा दिली, आणि या गल्लीत ती अशी मुठीमुठीने वाढली जाते. आधी मुलांना, मग म्हाताऱ्यांना. वाटेने कुणी परका चालला असेल, तर त्यालाही हाक मारून थांबवतात.