स्पिरिट लेकच्या काठचे नॉर्वेजियन

नमस्कार, श्रोतेहो. अमेरिकेच्या उत्तर भागात, कॅनडाच्या सीमेजवळ नॉर्थ डकोटा नावाचं राज्य आहे. तिथल्या एका मोठ्या तळ्याच्या दक्षिणेला डकोटा या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीची स्पिरिट लेक राखीव भूमी आहे. 1862 मध्ये मिनेसोटात डकोटांचं सरकारशी युद्ध झालं. ते हरल्यावर 38 जणांना मॅनकाटो गावात एकाच दिवशी फाशी दिलं गेलं आणि बाकीच्यांना मिनेसोटातून हाकललं. पुढे 1867 च्या तहाने यातल्या काहींना या तळ्याकाठी हक्काची जमीन मिळाली. ती कायमची, असंच त्यांनी धरलं होतं.

आता नॉर्वेकडे वळू. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये शेतीजोगी जमीन जेमतेम तीन टक्के. दुसऱ्याच्या वाडीवर खोपटं बांधून त्याच्याच शेतात राबणारी कुटुंबं तिथे हजारोंनी होती. 1825 पासून शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं तो देश सोडून गेली. एवढ्याशा देशातून! अमेरिकेत 160 एकर मिळतात, ही बातमी त्यांना पत्रांतून कळत होती.

या दोन गोष्टींची गाठ घातली ती कायद्याने. 1887 च्या डॉज कायद्याने जमातीची सामाईक जमीन मोडून माणशी तुकडे पाडायचं ठरलं. वाटून उरेल ती ‘जादा’. कुणाच्या हिशेबाने जादा, हे डकोटांना कोण विचारणार? 1903 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगून टाकलं की, जमातींशी केलेले तह काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, त्यांच्या संमतीवाचून मोडू शकते. लगेच 1904 मध्ये स्पिरिट लेकची सुमारे एक लाख एकर जमीन बाहेरच्यांना खुली झाली.

आले त्यांत नॉर्वेजियन पुष्कळ. अविवाहित बायकाही आल्या, कारण त्यांनाही स्वतःच्या नावावर जमीन घेता येत होती. पुढच्याच वर्षी, 1905 मध्ये, नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. मायदेश स्वतंत्र झाल्याचा आनंद या मंडळींना झाला असणारच, आणि तो ज्या जमिनीवर उभं राहून झाला, ती कालपर्यंत डकोटांची होती.

मला त्यांना दरोडेखोर म्हणवत नाही. कागद रीतसर होते, पैसे भरलेले होते. दोन्हीकडची माणसं शेजारी म्हणून राहिली. डकोटा आपले तुकडे नॉर्वेजियनांना खंडाने कसायला देत. पण मूळ धारक वारला की वारसांना जमीन विकायची मुभा 1902 पासूनच होती, आणि घेणारा बहुधा बांधाला बांध असलेला शेतकरीच. 1929 उजाडेपर्यंत त्या राखीव भूमीत डकोटांपेक्षा स्कँडिनेव्हियन, म्हणजे नॉर्वे-स्वीडनकडच्या, लोकांच्या नावावर जास्त जमीन होती.

1934 च्या कायद्याने हे तुकडे पाडणं थांबलं. तोवर देशभरातल्या जमातींची 13.8 कोटी एकर जमीन घटून 4.8 कोटींवर आली होती. स्पिरिट लेकची विकली गेलेली शेतं मात्र घेणाऱ्यांच्याच नावावर राहिली.