छताला ओल आलीय? फोडाफोडीआधी हे बघा, मग ठरवा कोणाला बोलवायचं

हा डाग बघा. आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमधला पॅसेज आहे हा, वर बरोबर काकूंचं बाथरूम येतं, आणि डागाच्या कडेने या पेन्सिलीच्या रेषा दिसतायत ना त्या मी मारल्यात, प्रत्येक रेषेला तारीख आणि वेळ लिहिलीय. या रेषांमुळे काकूंचं अख्खं बाथरूम फुटता फुटता वाचलं, म्हणून आजचा व्हिडिओ.

झालं असं की ओल दिसल्या दिसल्या मी एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. त्याने खालून डाग बघितला, वर जाऊन टाईल्सवर दोन-चार ठिकाणी ठोकलं, पोकळ वाजतंय म्हणाला, आणि पाच मिनिटांत कोटेशन, सगळं बाथरूम फोडायचं, कोबा म्हणजे टाईल्सखालचा सिमेंटचा थर काढायचा, नवीन वॉटरप्रूफिंग करायचं, टाईल्स धरून 85 हजार. काकू सत्तरीच्या, एकट्या राहतात, बाथरूम एकच, तरी त्या तयार झाल्या होत्या, कारण त्यांना वाटत होतं माझ्यामुळे खालच्यांना त्रास होतोय. मी त्याला एवढंच विचारलं की पाणी तिथूनच येतंय हे कशावरून? तर म्हणे वीस वर्षं हेच काम करतोय. आता वीस वर्षांचा अनुभव चांगलाच, पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाहीये.

तेवढ्यात काकू चार दिवस गावी गेल्या. घर बंद, आंघोळ नाही, धुणं नाही, म्हणजे बाथरूमच्या फरशीवर पाण्याचा थेंब नाही, आणि तरी डाग रोज रेषेच्या बाहेर सरकत होता. हे फार महत्त्वाचं आहे, नीट ऐका. फरशी किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून खाली जातं ती जाळीची जागा, गळत असती तर वापर बंद झाल्यावर डाग हळूहळू मंदावून थांबायला हवा होता. वापर नसताना चोवीस तास पाणी येतंय म्हणजे ते बहुतेक प्रेशरच्या लाईनमधून, वरच्या टाकीतून येणाऱ्या पाईपमधून येतंय. हे काम वॉटरप्रूफिंगवाल्याचं नाहीच, प्लंबरचं आहे, आणि प्लंबरही असा की ज्याच्याकडे टेस्टिंग पंप, म्हणजे पाईपमध्ये दाब देऊन गळती बघायचा काट्याचा पंप, आहे. फोनवरच विचारा, दादा टेस्टिंग पंप आहे का तुमच्याकडे? नाही म्हणाला तर दुसरा बघा.

आमच्याकडे जे प्लंबर काका आले त्यांनी काकूंना बोलावून घेतलं आणि आधी डक्टमधला, म्हणजे पाईप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतला, वॉल्व्ह बंद केला, मग गिझरपाशी गरम आणि थंड लाईन वेगळी केली, नळांच्या जागी डमी म्हणजे बुचं लावली आणि एकेका लाईनला पंप जोडून पाच किलो प्रेशर दिलं. थंड लाईनचा काटा अर्धा तास हलला नाही. गरम लाईनचा काटा आमच्या डोळ्यांसमोर खाली आला, पाचवरून चार, मग तीन. गिझरच्या खालच्या भिंतीत सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाईपच्या, एल्बोला म्हणजे वळणाच्या तुकड्याला केसासारखी चीर होती. दीड टाईल फुटली, बस. बरं, पाईप जुना जीआयचा म्हणजे लोखंडी असेल तर प्रेशर किती द्यायचं ते प्लंबरला जपून ठरवू द्या, गंजलेली लाईन टेस्टमध्येच फुटू शकते.

आता तुमच्या घरी वापर बंद केल्यावर ओल थांबत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पॉंडिंग टेस्ट करायची. नहाणी ट्रॅपमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड घालून बोळा घट्ट बसवा, फरशीवर इंचभर पाणी भरा आणि 24 ते 48 तास तसंच ठेवा. खाली ओल वाढली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही वाढली तर बोळा काढून त्याच ट्रॅपमधून बादल्या ओता, आणि आता वाढली तर ट्रॅप आणि पाईपचा जॉइंट गळतोय. बघा, पहिल्यात मोठं काम आहे, दुसऱ्यात बऱ्याचदा फक्त ट्रॅपभोवतीचं फोडावं लागतं, आणि दोन्हीत खाली डाग मात्र सारखाच दिसतो! म्हणून जो माणूस फक्त खालून डाग बघून कोटेशन देतो त्याला काम देऊ नका, प्लीज.

थर्मल कॅमेराची खूप जाहिरात दिसते हल्ली. उपयोगी आहे तो, पण त्याला भिंतीच्या आतलं पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं, ओली जागा थंड असते म्हणून निळी दिसते, आणि शेजारी एसीचा गारवा लागत असेल तर ती जागाही निळीच दिसणार. त्यामुळे कॅमेरावाला आला तर त्याच जागी ओल मोजणारा मॉइश्चर मीटरही लावायला सांगा आणि दोन्हीचे फोटो रिपोर्टमध्ये मागा. तपासणीची फी वेगळी द्यायला लागली तरी द्या. तपासणी फ्री आहे असं सांगणारा ते पैसे कामातूनच काढणार, मग काम मोठंच निघणार.

फक्त पावसाळ्यात येणारी ओल म्हणजे बाहेरची भिंत, गच्ची किंवा डक्ट, तिथे आधी सोसायटीला लेखी अर्ज. मॉडेल बायलॉज, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांचे नमुना नियम, त्याप्रमाणे पावसाचं पाणी आणि कॉमन पाईपचं लीकेज सोसायटीच्या खर्चात, फ्लॅटच्या आतलं टॉयलेट-सिंकचं त्या त्या मेंबरच्या. नवीन फ्लॅट असेल तर पझेशनपासून 5 वर्षं रेराच्या म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यात वर्कमनशिपचा डिफेक्ट म्हणजे बांधकामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, म्हणून स्वतः फोडायच्या आधी त्याला लेखी कळवा.

चोकअपचं तर तुम्ही स्वतःच अर्धं शोधू शकता. खालच्या चेंबरची झाकणं उघडा. एक चेंबर तुडुंब आणि पुढचा कोरडा, म्हणजे अडकलंय ते या दोघांच्या मधल्या पाईपमध्ये, आणि बोलवायचा तो जेटिंग मशीनवाला, जो जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने पाईप साफ करतो. दर दोन महिन्यांनी तिथेच तुंबत असेल तर नुसतं जेटिंग करत बसू नका, पाईपमध्ये कॅमेरा घालणारा बोलवा, झाडाची मुळं किंवा बसलेला पाईप निघतो. आणि सेप्टिक टँक असो की मॅनहोल, माणूस आत उतरवतो म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. 2013च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे, आणि आतल्या गॅसने माणसं मरतात हो.

छताचं प्लास्टर फुगून पडतंय, आतली सळई गंजलेली दिसतेय, तर यापैकी कोणालाच नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. बिल्डिंग 30 वर्षांच्या वर असेल तर बायलॉजप्रमाणे दर 3 वर्षांनी ऑडिट व्हायलाच पाहिजे, शेवटचा रिपोर्ट सेक्रेटरींकडे मागा. आणि ओल लाईटच्या पॉइंटपर्यंत पोचली असेल तर हा व्हिडिओ थांबवा, आधी त्या सर्किटचा एमसीबी पाडा.

आमच्या पॅसेजला अजून रंग दिलेला नाही. एल्बो बदलून सात आठवडे झाले, शेवटची रेषा पुढे सरकलेली नाही, पण मीटर लावला तर मधोमध अजून ओल दाखवतोय, स्लॅब हळूहळू सुकतो. काकू रोज विचारतात, रंग कधी देतोयस रे? मीटर कोरडं दाखवेल त्या दिवशी पुट्टी आणि मग रंग, तोपर्यंत हा डाग असाच राहणार.