रुगर की मार्लिन? आधी मॅगझिन बघा
(अमेरिकेतल्या मराठी नेमबाजीप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं आणि इथल्या आपल्या माणसांना रेंजची, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाची, वाट सापडली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकच्या पोडियमवर उभा राहतो, आणि त्याआधी 2010 साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला प्रोन, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झालेल्या असतात. हे ऐकून कुणाला रायफल हातात घ्यावीशी वाटणार नाही?

पण ते दोघं ज्या रायफलीनं खेळतात तिच्यात दर वेळी एकच काडतूस हातानं भरायचं असतं. तुम्ही इथल्या दुकानात जाऊन "पॉइंट टूटू, शिकायला हवी" म्हणालात की काउंटरवर येते ती बहुधा सेमी-ऑटोमॅटिक. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत येऊन बसतं. मग प्रश्न सुरू होतो: रुगर 10/22 घेऊ, की कुणाकडची जुनी मार्लिन मॉडेल 60 मिळतेय ती घेऊ?

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी मुद्दाम आधी सांगतोय. इथे बरेच जण एच-1बी वर आहेत, काही एच-4 या कुटुंबीयांच्या व्हिसावर. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं विकत घेणं तर सोडाच, बाळगणंही मना आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही मोजके अपवाद आहेत. रेंजवर भाड्यानं रायफल घेणं आणि मित्राची हातात घेऊन "दोन गोळ्या मारून बघणं" हेसुद्धा यात येतं. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय रेंजची पायरी चढू नका. हौसेपायी इमिग्रेशनची फाइल खराब करून घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना त्याशिवाय राज्याचं फायरआर्म्स ओळखपत्र काढावं लागतं.

आता रायफलींकडे येऊ.

दोन्हींत एकाच प्रकारचं काडतूस चालतं, .22 लाँग रायफल. 1887 पासून चालत आलेलं हे काडतूस आहे. गोळी साधारण 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, इतर काडतुसांच्या मानानं स्वस्त, आणि स्वप्नीलच्या रायफलीतही हेच असतं. दोन्ही रायफलींचं यंत्रही एकाच तत्त्वावर चालतं. दारूच्या वायूचा जो दाब गोळी पुढे ढकलतो तोच रिकामं टरफल मागे ढकलतो, टरफलामागचा जड बोल्ट मागे जातो, टरफल बाहेर फेकलं जातं, आणि स्प्रिंग बोल्टला पुढे आणताना नवं काडतूस घेऊन येते. त्यामुळे फार मंद काडतूस घातलं की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रायफल अडते. दोष रायफलीचा नसतो.

फरक आहे तो काडतुसं कुठे आणि कशी भरायची यात. माझ्या मते निवड इथेच होते. बाकी सगळं नंतर.

मार्लिन मॉडेल 60 आली 1960 साली. तिचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची जागा, ही नळीच्या खाली तिच्याच समांतर बसवलेली एक नळी. आतली पितळी नळी पुढच्या टोकाकडून ओढून बाहेर काढायची, बाजूच्या भोकातून एकेक काडतूस आत सोडायचं, नळी परत आत सारून फिरवून पक्की करायची. जुन्या रायफलींत 17 काडतुसं मावत, नंतरच्यांत 14. रेंजवर ही भरणी जवळून बघा म्हणजे माझं म्हणणं कळेल. भरणाऱ्याचा हात कुठे जातो? नळीच्या तोंडापाशी. शिकाऊ माणूस ती पितळी नळी ओढताना रायफल तिरकी करतो, तोंड बाजूच्या लेनकडे वळतं, आणि त्याचं लक्ष मात्र काडतुसांकडे असतं.

रिकामी करताना आणखी जपावं लागतं. आतली नळी पूर्ण काढून तोंड खाली केलं की काडतुसं ओघळून बाहेर येतात आणि वाटतं, झाली रिकामी. पण एखादं काडतूस आत लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) किंवा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात) राहिलेलं असू शकतं. म्हणून बोल्ट चार-पाच वेळा पूर्ण मागे ओढायचा, आत डोळ्यांनी बघायचं, करंगळीनं चाचपायचं. जाणत्या माणसाला हे अंगवळणी पडतं. बारा वर्षांच्या मुलीला शिकवताना तिच्याकडून ही अपेक्षा ठेवायला मी तयार नाही.

रुगर 10/22 चार वर्षांनी, 1964 मध्ये आली. तिचं दहा काडतुसांचं मॅगझिन रायफलीच्या पोटात बसतं आणि बोटानं कळ दाबली की हातात येतं. आत फिरणारी चकती असते, रहाटाला लावलेल्या पोहऱ्यांसारखी, आणि प्रत्येक काडतुसाला तिच्यात आपला स्वतंत्र खाचा. ही रचना फार हुशारीची आहे. .22 च्या काडतुसाला बुडाशी कड असते. साध्या एकावर एक रचलेल्या मॅगझिनमध्ये वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की भरणी बिघडते. चकतीत कडा एकमेकींना भेटतच नाहीत.

रेंजवर "सीझ फायर", म्हणजे गोळीबार थांबवा, पुकारलं की 10/22 वाला मॅगझिन काढून टेबलावर ठेवतो, बोल्ट मागे ओढून खटक्यानं अडवतो आणि चेंबरमध्ये रंगीत झेंडी खोचतो. दहा पावलांवरच्या रेंज ऑफिसरलाही दिसतं की रायफल मोकळी आहे. एक उणीव मात्र आहे. शेवटची गोळी गेली की तिचा बोल्ट आपणहून उघडा राहत नाही, रिकाम्या चेंबरवर "टक्" होतं तेव्हाच कळतं. 1980 च्या दशकानंतरच्या मार्लिन शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा ठेवतात, आणि ही सोय मला खरंच आवडते. तरीही दोन्हींच्या तुलनेत मॅगझिन वेगळं निघणं मी वरचढ मानतो. शिकवताना मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून देता येतं. पहिले कितीतरी दिवस एकेकच द्या. सेमी-ऑटोमॅटिकवर बोटाला घाईची सवय लागते, आणि ती लागायला जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट वेळ ती मोडायला जातो.

"पण मार्लिनचा नेम चांगला," असं जुने लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. मार्लिनच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या सोळा बारीक खोबण्या असतात, 10/22 मध्ये सहा. जुन्या मॉडेल 60 ची नळी 22 इंची, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइट्समधलं अंतर जास्त आणि उघड्या साइट्सवर नेम धरणं सोपं. साध्या 10/22 कार्बाइनची नळी साडेअठरा इंची. दुकानातून आणलेल्या दोन्ही रायफली 50 यार्डांवर टेकू देऊन मारल्या, तर मार्लिनचा ग्रूप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या भोकांचा पुंजका, पुष्कळदा थोडा आवळ येतो. मात्र उभं राहून मारणाऱ्या नवशिक्याचा ग्रूप ताटाएवढा असतो. त्यात हा फरक कुठे दिसणार? पुढे हात बसला की 10/22 चा ट्रिगर, नळी, दस्ता, सगळं घरच्या टेबलावर बदलता येतं. तिची नळी दोन स्क्रूंवर बसवलेली असते. कारखान्याचा ट्रिगर जड असतो, तो बदलल्यावर तीच रायफल वेगळी वाटते. मी आधी ट्रिगर बदलेन, नळी खूप नंतर.

मार्लिनबद्दल आणखी एक व्यवहाराची बाब. 2020 मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्याकडची मार्लिन रुगरनंच सुमारे 2 कोटी 80 लाख डॉलरला घेतली. मार्लिनच्या लिव्हर-अ‍ॅक्शन (दर गोळीला खालचा दांडा ओढायच्या) रायफली पुन्हा बनू लागल्या. मॉडेल 60 मात्र जुन्या बाजारातच शोधावी लागते. कोटीच्या वर बनल्या आहेत, त्यामुळे मिळते. घेणार असाल तर सीरियल नंबर बघा. 1973 नंतरच्या विसाव्या शतकातल्या रायफलींत पहिले दोन आकडे 2000 मधून वजा केले की साल निघतं. 25 नं सुरू होत असेल तर 1975 ची. आत बोल्टच्या मागे प्लॅस्टिकचा बफर असतो, तो वयानुसार तडकतो. उघडून दाखवायला सांगा. पितळी नळी वाकलेली नाही ना, तेही बघा.

आणि न्यू जर्सीवाल्यांनो, 17 काडतुसांची जुनी मॉडेल 60 कुणी प्रेमानं दिली तरी आधी तिथला आजचा कायदा बघा. 1990 च्या तिथल्या कायद्यानं 15 पेक्षा जास्त काडतुसं मावणाऱ्या पक्क्या मॅगझिनच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली "असॉल्ट", म्हणजे बंदी असलेल्या हत्यारांच्या वर्गात टाकल्या होत्या; जोडलेल्या नळीच्या, फक्त .22 रिमफायर काडतूस चालणाऱ्या रायफली नंतर त्यातून वगळल्या गेल्या. 2018 मध्ये मॅगझिनची मर्यादा दहावर आली, म्हणून 10/22 चं पंचवीसचं मॅगझिनही तिथे चालत नाही. दहाचं पुरतं.

घरी रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. रेंजवर डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. .22 च्या गोळीत आणि प्रायमरमध्ये शिसं असतं, तेव्हा परत येताना गाडीत जेवणाचा डबा उघडण्याआधी मुलांचे हात साबणानं धुवा.

तर माझं उत्तर रुगर. घरात आधीच जुनी मार्लिन असेल आणि शिकणारा मोठा माणूस असेल, तर ती विकू नका, तिच्यावरच शिका.

कुठलीही घेतलीत तरी पहिल्याच दिवशी काडतुसांची मोठी पेटी घेऊ नका. .22 ची प्रत्येक नळी आपल्या आवडीचं काडतूस मागते, दोन सारख्या रायफलीसुद्धा वेगवेगळं मागतात. चार प्रकारच्या लहान डब्या घ्या. एक सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी, सेकंदाला 1070 फूट वेगाची, एक त्यांचीच मिनी-मॅग, 1235 ची, एक फेडरलची ऑटोमॅच आणि एक दुकानदार सांगेल ती. वारा नसलेल्या सकाळी, टेकूवरून, 50 यार्डांवर प्रत्येकीचे पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रूप मारा. डबी बदलली की आधी काही गोळ्या हिशोबाबाहेर मारा, कारण नळीत आधीच्या काडतुसाच्या गोळीवरचं मेण राहिलेलं असतं. कोणती रायफलीत अडते तेही लिहून ठेवा. ज्या डबीनं न अडता सगळ्यात आवळ ग्रूप दिला तिच्यावरचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) बघा आणि त्याच लॉटची पेटी दुकानात असेल तर घरी जाताना घेऊन जा.