पुसलेली नोंद परत येते कुठून?

(दृश्य: स्कॅनरच्या खिडकीत तीन लाल ओळी)

व्हायरस शोधणाऱ्या स्कॅनरने कॉम्प्युटरचा स्कॅन झाला. तीन नोंदी सापडल्या, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत गेल्या, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन केला, तर त्याच तीन नोंदी त्याच जागी हजर.

ती जागा नीट पाहा. युजर्स, त्यात आपलं नाव, मग अ‍ॅपडेटा, लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट. इथली ‘वेब डेटा’ ही फाइल व्हायरस नव्हे, क्रोमचीच आहे. सर्च इंजिनांची यादी आणि फॉर्ममध्ये आपोआप भरला जाणारा मजकूर तिच्यात असतो. एखाद्या फुकट पीडीएफ कन्व्हर्टरने त्या यादीत आपलं सर्च इंजिन घुसवलेलं असतं. स्कॅनर बोट ठेवतो ते त्यावर. शेजारच्या ‘सिक्युअर प्रेफरन्सेस’मध्ये होमपेज आणि एक्स्टेन्शनच्या, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामच्या नोंदी असतात.

(दृश्य: क्रोम उघडतं, कोपऱ्यात खात्याचा फोटो)

सिंक, म्हणजे आपल्या सगळ्या उपकरणांवरचं क्रोम एकसारखं ठेवणारी सोय, चालू असेल, तर या सगळ्याची एक प्रत गूगलच्या सर्व्हरवर असते. स्कॅनरचा हात आपल्या डिस्कपुरताच. इथली नोंद गेली, क्रोम उघडलं, की सर्व्हर आपल्याकडची प्रत इमानेइतबारे परत पाठवतो. अशा वेळी दहा स्कॅनर बदलले तरी फरक पडत नाही.

आधी सर्व्हरवरची प्रत काढायची, डिस्क नंतर. त्याआधी बुकमार्क आणि पासवर्ड एक्सपोर्ट करून घ्या. पासवर्डची सीएसव्ही फाइल कुणालाही उघडून वाचता येते, त्यामुळे काम झालं की ती डिलीट करा, रीसायकल बिनमधूनही.

मग प्रत्येक उपकरणावर सिंक बंद. घरचा लॅपटॉप, ऑफिसचा, मोबाइल. एकही चालू राहिला तर तो आपल्याकडचा कचरा पुन्हा वर चढवतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आता क्रोम डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश सिंक हे पान उघडा. अगदी तळाशी सर्व्हरवरचा डेटा पुसण्याचं बटण आहे, ते दाबा.

(दृश्य: टास्क मॅनेजर)

क्रोम बंद करा, पण फुलीवर क्लिक करून भागत नाही. सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ विभागात, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवणारा पर्याय आहे, तो आधी बंद करा. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून क्रोमची एकही प्रक्रिया उरलेली नाही ना, ते बघा. चालू क्रोम मेमरीतली जुनी माहिती पुन्हा फाइलीत लिहू शकतं.

आता स्कॅन, क्वारंटाइन, रीस्टार्ट. सिंक बंद असतानाच क्रोम एकदा उघडा, बंद करा आणि पुन्हा स्कॅन करा. काही सापडलं नाही, तरच सिंक चालू करा, तेही आधी एकाच मशीनवर. बाकीची मशीन साफ झाल्यावर एकेक करून जोडा.

सिंक बंद असतानाही नोंद परतली, तर ती याच मशीनवरून येते आहे. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं टाइप करा. तिथे ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ दिसली आणि तिच्यात ए ते पी यांमधल्या ३२ अक्षरांचा अनोळखी आयडी असला, तर एक्स्टेन्शन सक्तीने बसवलं जातंय. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे आयटी विभागाचं काम असू शकतं, हात लावू नका. घरच्या कॉम्प्युटरवर रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) ती नोंद बॅकअप घेऊन काढा आणि कामं आपोआप चालवणारा टास्क शेड्युलरही उघडून पाहा: लॉगइन होताच ती नोंद पुन्हा लिहिणारं एखादं टास्क तिथे असू शकतं.