पळणाऱ्यांवर फुलं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी इतिहासाचा माणूस नाही, औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा माणूस आहे, आणि मेलबर्नमध्ये ओकलीसारख्या भागात पंधरा वर्षं उभं राहिलं की निम्मी गिऱ्हाईकं ग्रीक, त्यातल्या निम्म्या आज्या, आणि बीपीच्या गोळ्या हातात पडल्या तरी या आज्या काउंटर सोडत नाहीत. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यातलं काही वाचलेलं आहे आणि काही तिथे उभ्याउभ्या ऐकलेलं. मंडळाने विषय दिला होता 'अँझॅक डे आणि आपण', तो मी जरा ग्रीक आणि ऑस्ट्रेलियन यांच्या नात्याकडे वळवून घेतलाय, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

तर अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं एकत्र सैन्य, म्हटलं की आपल्या डोक्यात गॅलिपोली. २५ एप्रिल १९१५ ची पहाट, तुर्कस्तानचा किनारा, आपल्या पोरांना इथे शाळेत हेच शिकवतात. पण ती बोटींची एवढी मोठी जत्रा जमली कुठे? लेम्नोस नावाच्या ग्रीक बेटावर, मुद्रोसच्या बंदरात. आणि गंमत म्हणजे तेव्हा ग्रीस युद्धात नव्हताच! देश तटस्थ, आणि त्याच्या बेटावर आख्खा लष्करी तळ. बेटावरच्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही, पण अंडी, द्राक्षं, गाढवं, सगळ्याला अचानक गिऱ्हाईक आलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे ऑस्ट्रेलियन नर्सेस उतरल्या. ग्रेस विल्सन नावाची मेट्रन, तिचा स्वतःचा भाऊ गॅलिपोलीत मारला गेलेला, आणि तिच्या हाताखालच्या बायका. आल्या तर हॉस्पिटलच नाही. म्हणजे तंबू, सामान घेऊन येणारी बोटच पोचलेली नाही आणि जखमी मात्र येऊन पडायला लागलेत. उघड्या माळावर, दगडात, वारा असा की नंतर आलेले तंबूही उडून जायचे, पाणी मोजून मिळणार. बँडेज नाहीत म्हणून या बायकांनी आपले परकर फाडले असं सांगतात. बेटावर थर्मा म्हणून गरम पाण्याचे झरे आहेत, सुट्टी मिळाली की गाढवावर बसून तिथे अंघोळीला जायचं, महिनोन्महिने धड अंघोळ नाही म्हटल्यावर त्या झऱ्याची किंमत काय असेल बघा. आजही बेटावर ईस्ट मुद्रोस आणि पोर्तियानोस अशा दोन दफनभूमी आहेत, त्यात १४८ ऑस्ट्रेलियन आणि ७६ न्यूझीलंडर आहेत. युद्धावरून परत आलेल्या काही शिपायांना सरकारने इथे व्हिक्टोरियात शेपर्टनजवळ जमिनी दिल्या, त्यांनी वस्तीचं नाव ठेवलं लेम्नोस. शेपर्टनला फळं तोडायला आपली बॅकपॅकर पोरं जातात ना, त्याच बाजूला. पाटी वाचून कुणाला वाटत असेल कुठल्या तरी ग्रीक माणसाचं गाव आहे.

आणि या नर्सेसचा पुतळा कधी बसला? २०१५ ला. शंभर वर्षांनी. इथे मेलबर्नलाच अल्बर्ट पार्कात आहे, एक नर्स आणि एक शिपाई, पीटर कॉर्लेटने केलेला, आणि त्यासाठी धावपळ केली ती इथल्या कमिटीने, ज्यात ग्रीक मंडळी पुढे होती. हे मला महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलियन बायकांची आठवण ऑस्ट्रेलियाला ग्रीकांनी करून दिली.

आता दुसरं महायुद्ध. इथे जरा थांबतो, कारण खरा जीव इथे आहे. मार्च-एप्रिल १९४१, ऑस्ट्रेलियाची सहावी डिव्हिजन, साधारण १७ हजार माणसं, ग्रीसमध्ये उतरली. एप्रिलमध्ये जर्मन घुसले. ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडर यांना एकत्र करून १२ एप्रिलला पुन्हा 'अँझॅक कोअर' असं नाव दिलं, आणि ते नाव मिळालं तेव्हा सैन्य ऑलरेडी मागे हटत होतं! वेवी, मग खाली ब्रालोसचा घाट, थर्मोपिली (हो, तेच, तीनशे स्पार्टनवालं), आणि तिथून बंदरांकडे पळ. विमानं जर्मनांची, आपल्या बाजूला आकाश रिकामं. स्पष्ट बोलायचं तर सडकून मार खाल्ला.

आणि हे सैन्य अथेन्समधून जाताना काय झालं? येताना लोकांनी फुलं टाकली होती, ते समजू शकतो, वाचवायला आलेत. पण जाताना! उद्या-परवा शहरात जर्मन येणार हे सगळ्यांना माहीत आहे, हे लोक आपल्याला टाकून चाललेत हेही दिसतंय, तरी माणसं रस्त्यावर दोन्ही बाजूंना उभी, रडतायत, टाळ्या वाजवतायत, ट्रकमध्ये फुलं टाकतायत. त्या ट्रकमध्ये बसलेल्यांनी हे लिहून ठेवलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर चक्कर मारून आलो. जिंकून आलेल्याला ओवाळणं आपल्याला कळतं हो, पळून जाणाऱ्यावर फुलं टाकायची म्हणजे काय मन लागत असेल.

तिथून बरेचजण क्रीट या ग्रीक बेटावर गेले. क्रीटवर ६,५०० च्या आसपास ऑस्ट्रेलियन होते. २० मे १९४१ ला जर्मन छत्रीधारी आकाशातून उतरले आणि गावकरी विळे, काठ्या, जुन्यापुराण्या बंदुका जे हाताला लागेल ते घेऊन धावले. रेथिम्नोला कर्नल इयन कॅम्पबेलच्या दोन ऑस्ट्रेलियन बटालियन, सोबत ग्रीक शिपाई आणि तिथले पोलीस, यांनी विमानतळ दहा दिवस सोडला नाही. बाकी सैन्य बेट सोडून निघालं आणि माघारीचा निरोप कॅम्पबेलपर्यंत पोचलाच नाही. ३० मे ला शरणागती. तिकडे स्फाकियाच्या किनाऱ्यावर सेकंड-सेव्हन्थ बटालियन, जी सगळ्यांच्या मागे राहून वाट राखत होती, तीच शेवटी मागे राहिली, बोटी गेल्या. ३,१०० च्या वर ऑस्ट्रेलियन कैदी झाले.

पण सगळे कैदी झाले नाहीत, कितीतरी डोंगरात पळाले, आणि इथून पुढची गोष्ट लष्कराची नाही, घराघरांची आहे. शिपाई लपवला तर मृत्युदंड, असा जर्मनांचा हुकूम. ३ जूनला कांदानोस नावाचं आख्खं गाव जाळून टाकलं, छत्रीधारींना विरोध केला म्हणून, साधारण १८० माणसं मारली, आणि 'इथे कांदानोस होतं' अशी पाटी लावली. म्हणजे हुकूम नुसता कागदावर नव्हता. तरी लोकांनी गुहांमध्ये, गोठ्यांमध्ये ही परकी पोरं ठेवली. प्रेवेली मठाचे मुख्य महंत अगाथांगेलोस लागुवार्दोस यांनी शिपायांची सोय लावली, रात्री पाणबुड्या खालच्या खाडीत यायच्या, थ्रॅशर आली, टॉर्बे आली, आणि माणसं घेऊन गेल्या. तिथे आज पुतळा आहे, दाढीवाला महंत आणि हातात बंदूक. आपल्याकडे असा पुतळा उभारला तर चार दिवस चॅनेलवर चर्चा चालेल.

त्या डोंगरात लपलेल्यांत रेग साँडर्स होता. गुंडितजमारा, म्हणजे इथल्याच पश्चिम व्हिक्टोरियातला आदिवासी मुलगा. जवळपास वर्षभर क्रीटच्या लोकांनी त्याला सांभाळला, १९४२ मध्ये तो सुटून आला, आणि १९४४ ला ऑस्ट्रेलियन सैन्यातला पहिला आदिवासी अधिकारी झाला. स्वतःच्या देशात ज्याला बरोबरीने वागवत नव्हते त्याला त्या लोकांनी जिवावर उदार होऊन घरात घेतलं. त्यांच्या लेखी तो ऑस्ट्रेलियन, बस्स.

आता माझी काउंटरवरची आजी. क्रीटची. लढाईच्या वेळी सहा वर्षांची. ती सांगते, आई रात्री पाक्सिमादी, म्हणजे जवाचा दगडासारखा टोस्ट, पाण्यात भिजवल्याशिवाय दात लागत नाही असा, फडक्यात बांधून शेताच्या गडग्यावर ठेवायची. कोण नेतं कधी पाहिलं नाही, पाहायचंही नाही, म्हणजे कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागत नाही. सकाळी नुसतं फडकं घडी करून ठेवलेलं असायचं. एकदा फडकं परत आलं नाही. मला वाटलं आता ही रडणार, शिपाई पकडला गेला वगैरे. तर आजी म्हणाली, आई वर्षभर त्या फडक्यावरून कुरकुरत होती, चांगलं नवं होतं म्हणे!

मला जे म्हणायचंय ते असं, की इथे हिशोबच उलटा आहे. ऑस्ट्रेलियन म्हातारे म्हणायचे आम्ही त्यांच्या भाकरीवर जगलो, आम्ही देणं लागतो. ग्रीक म्हणतात पोरं समुद्रापलीकडून आमच्यासाठी मरायला आली, देणं आम्ही लागतो. खाल्ल्या मिठाला जागणं आपण म्हणतो, पण इथे मीठ कुणी कुणाचं खाल्लं यावरच प्रेमाने भांडण चालू आहे. आणि म्हणून ते स्मरण सरकारी वाटत नाही. मे महिन्यात मेलबर्नच्या श्राइनला, म्हणजे युद्धस्मारकाला, क्रीटच्या लढाईचा कार्यक्रम असतो तो बघा, काळ्या शर्टातले क्रीटन म्हातारे आणि सोबत नातवंडं. कॅनबेराला गेलात तर अँझॅक परेड नावाच्या रस्त्यावर ग्रीसमध्ये लढलेल्यांचं स्मारक आहे, १९८८ चं, जुन्या ग्रीक पद्धतीचा तुटका डोरिक खांब आणि भोवती ऑलिव्ह आणि सायप्रसची झाडं. विजयस्तंभ नाही, तुटका खांब.

मात्र एक गोष्ट या कार्यक्रमांत कुणी काढत नाही, ती मी काढणार. १९१६ डिसेंबर, पश्चिम ऑस्ट्रेलियात काल्गूर्ली आणि बोल्डरला ग्रीकांची दुकानं फोडली, लुटली. का, तर तिकडे अथेन्समध्ये राजाच्या सैन्याने दोस्त राष्ट्रांच्या शिपायांवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी सरकारने इथल्या ग्रीकांची गुपचूप शिरगणती केली. म्हणजे लेम्नोस आणि त्या दंगलीत पुरतं दीड वर्षही नाही! पुढे १९५२ च्या करारानंतर जे हजारो ग्रीक बोटीने आले त्यांनाही काही हारतुरे मिळाले नाहीत, डब्यातल्या जेवणावरून त्यांच्या पोरांनी शाळेत काय ऐकलं ते काउंटरवर मी ऐकलंय. मला वाटतं अँझॅकची ही आठवण त्यांनी एवढी घट्ट धरली त्यात हेही आहे, की बाबांनो, आमचं तुमचं नातं तुमच्या नोकरीच्या फॉर्मच्या आधीचं आहे. यात वाईट काही नाही, पण दंगलही सांगायला हवी.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, आपलं काय. गॅलिपोलीत खेचरं हाकणारे भारतीय होते, डोंगरी तोफखान्याचे होते, अँझॅकांच्या बरोबरीने. आणि साताऱ्याचे कुणी बसले असतील तर अपशिंगे माहीत असेल, पहिल्या युद्धात एका गावातले ४६ कामी आले. त्यावर वेगळं भाषण होईल, आणि ते माझ्यापेक्षा सातारकरांनी करावं.

गेल्या मेमध्ये आजीने मला चर्चबाहेर बोलावून घेतलं. प्रार्थना संपली होती, कागदी पिशव्या वाटत होते, त्यात कोलिवा, मेलेल्या माणसांच्या नावाने करतात, उकडलेले गहू, साखर, बदाम, मनुका, डाळिंबाचे दाणे. मी म्हटलं आजी, कुणाच्या नावाने? तर म्हणाली, नवऱ्याच्या, भावाच्या, आणि तो फडकंवाला. मी ट्रेनमध्ये बसून खाल्लं, वरची पिठीसाखर सगळी कोटावर सांडली, आणि शेजारच्या पंजाबी पोराने विचारलं अंकल क्या है, प्रसाद? मी पिशवी त्याच्यापुढे धरली.